हात जोडावेत की नाही?

सप्टेंबर सरत येतो, सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि आमच्या भागातल्या प्राथमिक शाळांच्या पटांगणात मुलींचा हादगा मांडला जातो. पाटावर हत्तीचे चित्र, त्याला फुलांची माळ, भोवती मुलींचा फेर आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा गलका. पुण्याकडे यालाच भोंडला म्हणतात. विदर्भात याच्याच नात्यातली भुलाबाई असते. त्याच सुमारास सहामाही परीक्षा येते, गांधी जयंतीची सफाई येते, दसऱ्याच्या तोंडावर पाटीपूजन येते. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन असतो. मग दिवाळीची सुट्टी लागते. शाळेच्या वर्षात याहून गजबजलेले दिवस नाहीत. आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुसलमान मुलासाठी याहून अवघड दिवसही नाहीत.

आम्ही एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. त्याआधी तसल्याच शाळेत शिकलो. विद्यार्थी म्हणून, शिक्षक म्हणून आणि पुढे बाप म्हणून एकच प्रश्न दर शरदात आमच्यासमोर येऊन उभा राहिला: पाटीपूजनाला हात जोडावेत की नाही?

हा प्रश्न किरकोळ आहे असे म्हणणारे दोन्हीकडे भेटतात. ज्याच्या मुलावर ती वेळ येते त्याला तो किरकोळ वाटत नाही. आपली मुले मदरशातच शिकतात असा एक समज आहे. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले अवघी चारेक टक्के असल्याचे नोंदवले होते. बाकीची जी शाळेत जातात ती साध्या शाळेत, सगळ्यांच्या बाकावर बसतात. म्हणजे हा प्रश्न थोड्यांचा नाही.

आमच्या लहानपणी तो इतका टोकदार नव्हता. पहाटे मकतबमध्ये आम्ही सूरह फील पाठ करायचो. मक्केवर हत्ती घेऊन चालून आलेल्या फौजेची ती सूरह. लहान मुलांना ज्या आधी शिकवतात त्यांतली एक. अकरा वाजता शाळेत आलो की पाटावर हत्ती! आमच्या धाकट्या बहिणीने एकदा मौलवीसाहेबांना सरळ विचारले, शाळेतला हत्ती तोच का? मौलवीसाहेब हसले आणि म्हणाले, "वो हत्ती अलग, ये अलग. ये बारिशवाला हत्ती." मौलवीसाहेबांची स्वतःची दोन एकर जिराईत होती. हस्ताचा पाऊस नीट झाला तरच रब्बीची ज्वारी हाती लागते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्या उत्तरात फतवा नव्हता, सवलतही नव्हती. शेतकऱ्याला शेतकऱ्याचा सण कळला होता, इतकेच. बहीण दुसऱ्या दिवशी फेरात नाचली.

पाटीपूजनाचे मात्र तसे नव्हते. तिथे पावसाचा हत्ती नव्हता, साक्षात देवी होती. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, पुस्तके मांडायची, झेंडूची फुले, हळदकुंकू, उदबत्ती, आणि रांगेने हात जोडायचे. आकड्यांची सरस्वती आम्हांला वर्गात सगळ्यांत छान यायची. मित्र स्वतःच्या पाट्या आमच्याकडून काढून घेत. पण हात जोडायची वेळ आली की पोटात गोळा येई.

आम्ही तिसरीत असताना अब्बांना विचारले. अब्बा मणियार. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत ते घरात फक्त झोपायला येत, कारण नवरात्रात बांगड्या भरायला आसपासच्या दहा गावांतल्या बायका वाट पाहत असत. सारा मोहल्लाच त्या दिवसांत कामाला जुंपलेला असे. शिकलगार कोयते-विळ्यांना धार लावत, बागवान फुला-फळांच्या राशी उतरवत, पिंजारी गाद्या पिंजायला घरोघर फिरत, अत्तारांकडे उटणे नि सुगंधी तेल येऊन पडलेले असे. गावाचा दसरा-दिवाळी आमच्या मोहल्ल्यातून होऊनच पुढे जाई. म्हणून आम्हांला वाटले, अब्बा चटकन 'हो' म्हणतील. ते 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पाटी धो के रख. पाँव लगने नको दे."

हे उत्तर आम्हांला तेव्हा टाळाटाळ वाटले होते. दादीमाने ते पुरे केले. तिने आमच्या बिस्मिल्लाहची आठवण सांगितली. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याला नवे कपडे घालतात, हाती पाटी देतात, पहिले अक्षर गिरवून घेतात, आणि मग मिठाई वाटतात. आमचाही पाटीचा सोहळा असतोच की! ज्या दीनचा पहिला शब्द 'वाच' असा उतरला, त्या दीनमध्ये पाटी ही क्षुल्लक वस्तू कशी असेल? पाटीचा मान हे आमचेही आहे, फक्त पाटीपुढे मस्तक लववणे आमचे नाही. दादीमा निरक्षर होती, पण हा भेद तिला नेमका ठाऊक होता.

आता तत्त्वाचे बोलू. तौहीद ही आमच्या श्रद्धेची केवळ एक बाजू नव्हे, ती श्रद्धाच आहे. अल्लाहशिवाय कुणाची इबादत नाही. ही गोष्ट ज्याला मनापासून मान्य आहे त्याने मूर्तीपुढे हात जोडताना अडखळावे हे स्वाभाविक आहे. त्या अडखळण्याला कट्टरपणा म्हणणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, शरीयतमध्ये नाबालिग मुलावर जबाबदारी नाही; त्याच्यावरून कलम उचललेली असते, त्याचा गुनाह लिहिला जात नाही. तेव्हा आठ वर्षांच्या पोराने वर्गाबरोबर हात जोडले म्हणून घरी त्याला थप्पड मारणारा बाप दीनची सेवा करत नाही. फरिश्ते ज्याचे लिहीत नाहीत, ते आपण कशाला लिहायला बसावे?

मग शाळेतून उत्तर येते: हा धर्म नाही, ही संस्कृती आहे, विद्येला नमस्कार करायला काय हरकत आहे? हे वाक्य ऐकले की आम्ही सावध होतो. बोलणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगला असतो. पण ते खरे नसते. आमच्या शाळेतल्या एक बाई दर दसऱ्याला न्हाऊन, उपाशी पोटी येऊन सरस्वतीची पूजा करत. त्यांचे डोळे मिटलेले असत आणि ओठ हलत असत. त्यांच्यासाठी ती खरोखरीची पूजा होती. तिला 'नुसती संस्कृती' म्हणणे हा आधी त्या बाईंच्या श्रद्धेचा अपमान आहे, आमच्या अडचणीचा विचार नंतर. दुसऱ्याची पूजा खरी मानली, तरच तिच्यापासून अदबीने दूर उभे राहता येते.

कायद्याने काय म्हटले आहे तेही पाहू. घटनेच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई आहे. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही कुणाला त्याच्या, तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. २०२२ साली छगन भुजबळ यांनी शाळेत सरस्वतीऐवजी सावित्रीबाई, जोतीराव यांच्या तसबिरी असाव्यात असे म्हटले तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला एक वेगळाच निकाल अधिक मोलाचा वाटतो. केरळमधल्या एका शाळेने १९८५ साली तीन भावंडांना काढून टाकले होते. ही मुले 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीत सुरू झाले की ती अदबीने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या पंथात देवाशिवाय कुणाचे स्तवन चालत नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. अदबीने उभे राहणे हा अनादर नव्हे, गाण्याची सक्ती करता येणार नाही. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचे ते निकालपत्र. आमच्या अब्बांनी ते वाचलेले असण्याची शक्यताच नाही, पण 'पाय लागू देऊ नको' यात तेच होते: अदब राख, पुढचे तुझे तू.

इथवर सारे सरळ आहे. आम्ही इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायचे कारण नव्हते.

२००६ साली नवरात्र आणि रमजान दोन दिवसांच्या अंतराने सुरू झाले. दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशीच आला. तोच अशोक विजयादशमीचा दिवस, आणि बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचे ते पन्नासावे वर्ष. सोमवारी दसरा म्हणून पाटीपूजन शनिवारी, ३० सप्टेंबरला, सकाळच्या शाळेत ठेवले होते. आमच्याकडे चौथीचा वर्ग होता. सगळ्यांनी पाट्या मांडल्या. एका मुलीने मांडली नाही. ती बौद्धवाड्यातली, अभ्यासात बरी, बोलायला कमी. पाटी दप्तरात आणि दप्तर मांडीवर घेऊन ती बसून राहिली. मुख्याध्यापकांनी विचारले, तुझी पाटी कुठे? ती म्हणाली, "आमच्याकडे पुजत नाहीत." आवाज चढवलेला नव्हता, मान खाली होती.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. वर्गणी काढून गरीब मुलांना वह्या देणारे होते. पण त्या दिवशी त्यांना ते लागले. त्यांनी आमच्याकडे बोट दाखवले आणि साऱ्या शाळेसमोर म्हणाले, "बघ, गुरुजी मुसलमान आहेत, त्यांचा रोजा आहे, तरी ते हात जोडून उभे आहेत. तू काय मोठी लागून गेलीस?" आणि पूजा संपेपर्यंत तिला व्हरांड्यात उभे केले.

आमचे हात जोडलेले होते. ते आम्ही सोडले नाहीत. तोंडही उघडले नाही.

आम्ही हात का जोडले होते? आपल्याकडे अमलाची पारख नियतीवरून करतात. आम्ही स्वतःला सांगत आलो होतो की आमची नियत सलोख्याची आहे. मनात आम्ही आमची दुआ म्हणतो, बाहेरून फक्त सहकाऱ्यांचा मान राखतो. त्यात काही अंशी तथ्यही होते. पण त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. ११ जुलैला मुंबईत लोकलगाड्यांत स्फोट झाले होते. ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले आणि त्यात मेले ते बहुतेक आपलेच लोक. तरीही शिक्षकांच्या खोलीत आम्ही शिरलो की वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवले जाई. त्या शनिवारी आम्ही हात जोडले ते भीतीने. 'चांगला मुसलमान' म्हणून मोजले जावे यासाठी. सलोखा आणि भीती दोन्ही बाहेरून एकसारख्याच दिसतात, हात तसेच जुळतात. फरक आतल्या माणसालाच कळतो, आणि तोही तेव्हा, जेव्हा त्याच जुळलेल्या हातांची काठी करून कुणीतरी दुसऱ्याला मारते.

त्याच्या आदल्याच संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली होती. ती बातमी आमच्यापर्यंत पोहोचायला बरेच दिवस लागले. व्हरांड्यातल्या मुलीला त्या सकाळी त्यातले काही माहीत नव्हते, आम्हांलाही नव्हते. नंतर तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा झोप लागली नाही.

आम्हांला आता असे वाटते की 'मुसलमान मुलाने हात जोडावेत की नाही' हा प्रश्नच आम्ही इतकी वर्षे चुकीच्या बाजूने पाहत होतो. आम्ही फक्त आमच्या ईमानाचा हिशेब मांडत होतो: इतके केले तर चालेल, इतके केले तर नाही. रांगेत आमच्या शेजारी कोण उभे आहे, आणि आमच्या हो-नाहीने त्याची जागा कमी होते की वाढते, हे त्या हिशेबात कुठेच नव्हते. आम्ही हात जोडले नसते, निव्वळ अदबीने उभे राहिलो असतो, तर त्या मुलीला व्हरांड्यात पाठवणे मुख्याध्यापकांना इतके सोपे गेले नसते.

सगळ्याच सणांचे असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. दसऱ्यानंतरच्या त्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका मुस्लिम मुलीने पहिला रोजा धरला. दुपारी हादगा होता. ती नेहमीसारखी फेरात गेली. खिरापत ओळखायची पाळी आली तेव्हा इतर मुली थबकल्या. हिला कशी द्यायची? आम्ही लांबून पाहत होतो, मुद्दामच पुढे झालो नाही. मुलींनी आपसात काहीतरी ठरवले. तिच्या वाट्याची खिरापत कागदाच्या पुड्यात बांधली आणि तिला बजावले, "बांग झाल्यावर सोड, आणि उद्या येऊन सांग काय होतं ते." तिने ओळखायचे ते दुसऱ्या दिवशी ओळखले. शेंगदाण्याची चटणी नि पोळी. तोवर मुलींनी कुणी तिला सांगितले नाही. दहा वर्षांच्या पोरींनी रमजान आणि हादगा यांची सांगड घातली, आणि कुणाकडूनही कसलीही कबुली मागितली नाही. त्यांना ती एकत्र हवी होती. तिने काय मानावे याची त्यांना पर्वा नव्हती.

पण आपल्या समाजापुढे लिहिताना नुसते दुसऱ्यांचे दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. निवृत्तीनंतर आम्ही आपल्याच लोकांच्या एका संस्थेच्या शाळेवर समितीत गेलो. शाळा इंग्रजी माध्यमाची, आसपासची बरीच हिंदू मुलेही येतात. सकाळी परिपाठाला दुआ होते. सगळ्यांनी हात वर करायचे, शेवटी आमीन म्हणायचे. एका हिंदू पालकाने लेखी विचारले की माझा मुलगा हात मांडीवर ठेवून शांत बसला तर चालेल का? समितीत एक सदस्य म्हणाले, "यात धर्म कुठे आला? चांगली सवय आहे. दुआ करायला काय हरकत आहे?"

शब्द सगळे ओळखीचे होते. आम्ही या वेळी बोललो. केरळच्या त्या तीन मुलांचा खटला सांगितला. २८वे कलम वाचून दाखवले. एकजण म्हणाले, "गुरुजी, आपली चार शाळा आहेत, तिथेही आपण मागेच सरायचे का?" हा प्रश्न आम्हांला अजून टोचतो, कारण तो खोटा नाही. ज्याला रोज बाहेर मागे सरावे लागते त्याला घरात तरी ऐसपैस बसावेसे वाटते. पण आमच्या घरात आलेला तो मुलगाही आता व्हरांड्याच्या जवळच उभा होता. ठराव झाला नाही. तोंडी ठरले की त्याने शांत बसावे, कुणी काही म्हणू नये. तो बसतो. दुआ संपली की पोरे त्याच्यासकट गलका करत वर्गात पळतात.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. त्या वर्षी दिवाळी २१ ऑक्टोबरला आणि चारच दिवसांनी ईद आली. दोन्ही सुट्टीतच गेल्या. सुट्टीभर आम्ही मनाशी घोकत होतो की शाळा उघडली की तिच्याशी बोलायचे. तिच्या घरी जावे असेही मनात आले, पण गेलो नाही. नोव्हेंबरात शाळा उघडली. मुलांनी सुट्टीतल्या अभ्यासाच्या वह्या आणून दिल्या. तिने 'मी केलेला प्रवास' हा निबंध लिहिला होता. दसऱ्याला आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. रेल्वेत बसायला जागा नव्हती, रात्रभर वडिलांच्या पिशवीवर बसून गेली, तिथे इतकी माणसे होती की आईचा पदर तिने एकदाही सोडला नाही, आणि वडिलांनी तिला एक पुस्तक घेऊन दिले. शेवटी लिहिले होते, पुस्तक पाटीजवळ ठेवले आहे.

आम्ही एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला, दहापैकी दहा गुण दिले आणि वही तिच्या हातात ठेवली. तिने गुण पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि जागेवर जाऊन बसली. जे बोलायचे ठरवले होते ते त्या दिवशी बोललो नाही. पुढच्या जूनमध्ये ती हायस्कुलात गेली.